खंड्याची अठरा नखं



आजची नोंद पिकाची नाही. ऊस कारखान्याला गेलाय, गहू पिवळा पडायला लागलाय, त्यावर पुढच्या वेळी लिहितो. आज आमच्या कुत्र्याच्या नखांवर लिहायचंय. हसू नका. या नखांपायी मी आठ महिने घालवले, चार इंजेक्शनं टोचून घेतली आणि एक चांगला सोबती जवळपास गमावून बसलो होतो. चूक माझीच होती, म्हणून लिहितोय.

जुन्या वाचकांना खंड्या माहीत आहे. काळाकुळकुळीत, छातीवर मूठभर पांढरं. वय ९ वर्षं. गावठीच आहे, कुठली जात नाही. भीमेकाठी ज्याची शेती आहे त्याला रात्रीची लाईट काय असते ते सांगायला नको. आठवडाभर दिवसाची पाळी, मग आठवडाभर रात्रीची. थंडीत रात्री दीडला उठायचं, बॅटरी घ्यायची आणि दारं मोडायला निघायचं. उसात रानडुक्कर आहे, बांधावर जनावर निघतं, अलीकडे बिबट्याचीही बातमी असते. अशा वेळी पुढे दहा पावलांवर कुत्रं चालत असलं की माणूस निर्धास्त असतो. खंड्या नऊ वर्षं माझ्यापुढे असाच चालला. मी दारं मोडायचो, तो बांधावर बसायचा. कान टवकारले की मी थांबायचो. एवढा साधा करार.

आता नखांचं. जवानीत त्याला नखं कापायची कधी गरज पडली नाही. दिवसभर मुरमाच्या रस्त्यावर पळायचा, नखं आपोआप झिजायची. वय झालं तसं पळणं कमी झालं. गोठ्यात मऊ शेणमातीत बसून राहायला लागला, आणि आमचं रान काळं, मऊ. नखं झिजणार कशावर? पडवीतल्या शहाबादी फरशीवर चालला की टक् टक् असा आवाज यायला लागला. कुत्र्याच्या पायाचा आवाज येऊ नये. आला तर समजायचं की नख जमिनीला आधी टेकतंय आणि बोट मागे ढकललं जातंय. हे मला आता कळतंय. तेव्हा वाटलं, म्हातारा झालाय, म्हणून पाय ओढतो.

गेल्या बेंदराची गोष्ट. आदल्या दिवशी बैल धुतले, शिंगं घासली, वाढलेली खुरं तासली. हत्यारं बाहेरच होती. मी पोराला म्हटलं, याचंही उरकून टाकू. आम्ही तिघं. पोराने मान धरली, गड्याने मागचं अंग दाबलं, तोंडावर पोतं टाकलं. बैलाला पत्र्या मारताना आपण बैल पाडतो, दोरीने चारी पाय आवळतो, तसंच. लहानपणापासून तेच बघितलंय. जनावर धरायचं, काम उरकायचं, सोडायचं.

उजव्या पायाची दोन नखं झाली. तिसऱ्याला पक्कड खोल गेली. पोत्याखालून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. रक्ताची धार लागली. पोराचा हात सैल झाला, पोतं सरकलं, आणि खंड्याने माझा पंजा धरला. अंगठ्याच्या खाली दोन दात आत गेले. मग उडी मारून कुंपणातून पसार.

इथे थांबून एक कामाचं सांगतो. कुत्रं घरचं असो की लस दिलेलं असो, चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. चुना, मिरची, हळद काहीही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. खंड्याला दरवर्षी रेबीजची लस असते, तरी डॉक्टरांनी मला इंजेक्शनं दिलीच. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चारही घेतली. रेबीज झाल्यावर औषध नाही, त्यामुळे यात ‘बघू’ हा शब्द नको.

खंड्या दोन दिवस घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण माझ्यापासून वीस फुटांवर थांबला. मी भाकरी टाकली, तर मी लांब गेल्यावर खाल्ली. मी जवळ गेलो की उठून पलीकडे जायचा. हात पुढे केला की गुरगुरायचा. बाकी सगळ्यांशी नीट, फक्त माझ्याशी असा.

शेजारचे तात्या म्हणाले, “आरं, कुत्रं चावरं झालं. आता ते सुधरत न्हाई. घाल पोत्यात आन टेंभुर्णीच्या पुढं हायवेला सोडून ये.”

खरं सांगतो, मी दोन दिवस तसा विचार केला. घरात तीन वर्षांची नात आहे. ती दिवसभर त्याच्या अंगावर लोळत असते. माणसाला चावलेलं कुत्रं लेकराजवळ ठेवायचं का, हा प्रश्न छोटा नाही. पण नऊ वर्षांत तो एकदाच चावला होता, आणि तेव्हा तीन माणसं त्याच्या अंगावर होती, तोंडावर पोतं होतं आणि पायातून रक्त येत होतं. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? सोडून यायचं रद्द केलं. नातीला मात्र त्याच्याजवळ एकटं सोडायचं बंद केलं. आजही सोडत नाही.

पावसाळा गेला. रात्रीची पाळी आली तसा मी एकटाच जायला लागलो. पहिल्या रात्री दार उघडून नेहमीसारखी शीळ घातली. तो गोठ्याच्या दाराशी उठून उभा राहिला, माझ्याकडे बघितलं आणि परत बसला. त्या रात्री उसाच्या कडेला काहीतरी खसफसलं तर मी जागच्या जागी थिजलो. नऊ वर्षं माझी भीती कोण सांभाळत होतं, ते तेव्हा कळलं.

दिवाळीत तो लंगडायला लागला. पुढचा डावा पाय टेकवेना. मला वाटलं बाभळीचा काटा असेल. लांबूनच बघितलं तर पायाच्या आतल्या बाजूला, वर जो अंगठा असतो, त्याचं नख गोल वळून परत कातड्यात घुसलं होतं. पू झाला होता.

या अंगठ्याबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसतं. कुत्र्याला साधारण १८ नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. एखाद्याला मागेही अंगठे असतात, मग वीस भरतात, आणि वीस नखांचं कुत्रं गावाकडे भारी मानतात. पण अंगठा पुढचा असो की मागचा, चालताना तो जमिनीला घासत नाही. म्हणून त्याचं नख झिजतच नाही, कुत्रं कितीही पळालं तरी. बाकीची नखं बघू नका एक वेळ, पण अंगठा दर महिन्याला बघा.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, मग नख कापून मासातून ओढून काढलं, जखम धुतली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं, “डॉक्टर, आता महिन्याला तुम्हीच येत जा. हा मला जवळ येऊ देत नाही.”

ते म्हणाले, “मी दर वेळी गुंगी देऊ का? वय काय त्याचं? हे तुमचंच काम आहे.” मग जाता जाता म्हणाले, “तो गुरगुरतो म्हणून त्याला रागवू नका. गुरगुरणं म्हणजे सूचना असते. ती बंद केली तर तो सूचना न देता चावेल.”

मी मान हलवली, पण करायचं काय ते कळेना. कळलं ते आईकडून.

आई संध्याकाळी कालवडीजवळ बसली होती. आमची एक पहिलारू कालवड तेव्हा सात महिन्यांची गाभण होती. पहिलारूला व्यायच्या दोन महिने आधीपासून कासेला हात लावायची सवय करावी लागते, नाहीतर व्याल्यावर ती दूध काढू देत नाही, लाथा झाडते. आई रोज तिच्या पाठीवरून, मग पोटावरून, मग कासेवरून हात फिरवते. कालवडीने पाय उचलला की हात काढते, थांबते, परत पाठीपासून सुरू करते. मी तिथेच उभा राहून खंड्याचं रडगाणं सांगत होतो. आई मागे न बघता म्हणाली,

“आरं, कालवडीच्या कासंला दोन म्हयने हात लावत बसायचं, आन कुत्र्याच्या पायाला येकदम पक्कड? त्याला काय जीव न्हाई व्हय?”

पन्नाशी उलटली माझी. गाई-म्हशी संभाळण्यात जन्म गेला. आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. मला माहीतच होती, फक्त कुत्र्याला ती लागू होते हे डोक्यात आलं नव्हतं. गाय दूध देते म्हणून तिची मनधरणी करायची, आणि कुत्र्याचं काय, धरायचं आणि उरकायचं. हिशोब असा होता माझा.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिले दोन आठवडे पायाला हातच लावला नाही. रोज संध्याकाळी धार झाली की पडवीत खाली बसायचो, त्याच्याकडे पाठ करून. आई माळकरी, त्यामुळे घरात अंडं-मटण नाही. पण दुधाच्या पातेल्याच्या बुडाला जी खरवड राहते ती खंड्याचा जीव की प्राण. ती बोटभर घेऊन शेजारी ठेवायचो. पहिल्या दिवशी मी उठल्यावर त्याने खाल्ली. पाचव्या दिवशी मी बसलेला असताना. दहाव्या दिवशी माझ्या तळहातावरून.

मग हात लावायला सुरुवात. आधी खांदा, जिथे त्याला आवडतं तिथे. मग कोपर, मग मनगट, मग पंजा. एका दिवशी एक इंच पुढे. हात लावला की खरवड, हात काढला की खरवड बंद. त्याने पाय ओढला तर लगेच सोडायचा, धरून ठेवायचा नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. शेतकऱ्याच्या हाताला सुटणारी वस्तू आवळायचीच सवय असते, मग ती दोरी असो की दावं. पण मी सोडतोय हे त्याला पटल्यावर तो ओढेनासा झाला. पाय सुटेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणूनच तो ओढत होता.

याच काळात त्याचं तोंड वाचायला शिकलो. गुरगुरणं ही शेवटून दुसरी पायरी असते. त्याआधी तो चार वेळा सांगतो. ओठ चाटतो. विनाकारण जांभई देतो. मान पलीकडे वळवतो. डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो. मग अंग ताठ करतो. बेंदराच्या दिवशी त्याने हे सगळं सांगितलं असणार, पण आम्ही त्याच्या तोंडावर पोतं टाकलं होतं. आता ओठ चाटला की मी थांबतो. त्यामुळे गुरगुरायची वेळच येत नाही.

पाचव्या आठवड्यात हत्यार दाखवलं. बैलाची पक्कड नाही. तालुक्याहून कुत्र्याच्या नखांची वेगळी कात्री आणली. धारदार असते, नख चेंगरत नाही. ती नुसती फरशीवर ठेवायची आणि शेजारी खरवड. मग तिने वाळलेली कडब्याची काडी कापायची, कट् असा आवाज, की खरवड. पहिल्या कट्ला तो उठून गोठ्यात गेला. मी गप्प बसून राहिलो. आठवडाभराने त्या आवाजाला तो शेपूट हलवायला लागला.

मग एक दिवस एक नख. एकच. तेही टोकाचं, ज्वारीच्या दाण्याएवढं. कापलं, खरवड दिली, हत्यार ठेवून दिलं. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू विचारतोय की एवढंच?

कापायचं कसं, तेही लिहितो. नखाच्या आत जिवंत मास असतं, त्यात रक्त असतं आणि नस असते. पांढऱ्या नखात ते गुलाबी दिसतं, त्याच्या बरंच अलीकडे थांबायचं. खंड्याची नखं काळी, बाहेरून काही दिसत नाही. मग अडकित्त्याने सुपारीची पातळ चकती काढतो तशा चकत्या काढायच्या. प्रत्येक चकतीनंतर नखाचं कापलेलं तोंड बघायचं. आधी ते कोरडं, भुरकट दिसतं. मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसला की थांबायचं, पुढे जिवंत भाग आहे. एकदम आखूड करायचा हट्ट नको. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं कापत राहिलं की आतलं मासही हळूहळू मागे सरकतं. चुकून रक्त आलंच तर मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर चिमूटभर लावून स्वच्छ फडक्याने दाबून धरायचं, थांबतं. तुरटीनेही थांबतं, पण झोंबते. आधीच दुखावलेल्या जिवाला अजून कशाला?

माझ्या हातून एकदा आलं रक्त. जानेवारीत, मागच्या पायाला. तो कळवळून उठला आणि माझ्या पोटात धस्स झालं, म्हटलं गेलं सगळं वाया. पाय सोडला, मैदा लावून द्यायला पोराला सांगितलं आणि मी बाजूला झालो. पाच दिवस त्याने मला पाय दिला नाही. मी मागितलाही नाही, नुसती खरवड ठेवत गेलो. सहाव्या दिवशी शेजारी येऊन बसला. बेंदराच्या वेळी तीन महिने लागले तरी तो जवळ आला नव्हता, या वेळी पाच दिवस. जखम तीच, पण या वेळी मागे काहीतरी साठलेलं होतं.

पोरगं म्हणालं, “आप्पा, एवढा वेळ कुणाला असतो? तोंड बांधून पाच मिनिटात होतं.” खरंय त्याचं. कधीकधी तोंड बांधावंच लागतं, डॉक्टरांनीही बांधलं असतं. नख मासात घुसलंय, पू झालाय, तिथे मनधरणी करत बसता येत नाही. पण पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत उरकलं की पुढच्या वेळी ते दहा मिनिटांचं होतं, मग तीन माणसांचं होतं, मग गुंगीच्या इंजेक्शनाचं. माझ्याकडे रोज दोन मिनिटं जातात, आणि ती वाढत नाहीत.

परवा अठराही नखं पूर्ण झाली. एका दिवसात नाही, आठ दिवसांत मिळून. फरशीवरचा टक् टक् बंद झालाय. चालही सुधारली आहे. म्हातारपणामुळे पाय ओढतो असं मी समजत होतो, त्यात निम्मं म्हातारपण नखांचंच होतं.

एक सांगायचं राहिलं. अठरातली तेरा मी कापली. पुढच्या डाव्या पायाची पाच, ज्यात तो घुसलेला अंगठा आहे, ती आईने. तो पाय खंड्या मला अजून देत नाही. मी हात पुढे केला की ओठ चाटतो, आणि मी हात मागे घेतो. आईने नुसती मांडी पुढे केली की तो पाय आपणहून तिच्या मांडीवर ठेवतो. तिला नीट दिसत नाही, म्हणून मी बॅटरी धरतो आणि ठिपका कुठे आहे ते सांगतो. हेही ठीक आहे. त्याने कुणाला काय द्यायचं ते त्याचं तो ठरवेल.

गेल्या आठवड्यात गव्हाचं शेवटचं पाणी होतं, रात्रीची पाळी. दीडला दार उघडलं. शीळ घातली नाही, नुसती बॅटरी लावली आणि निघालो. ओढ्याजवळ गेल्यावर मागे पानं वाजली. बॅटरी फिरवली तर दोन हिरवे डोळे. आधी काळजात चर्र झालं, मग शेपूट दिसली. पूर्वीसारखा पुढे नाही चालला. वीस पावलं मागूनच आला आणि बांधावर लांब बसला. मी दारं मोडत राहिलो. पहाटे लाईट गेली तेव्हा आम्ही दोघं बरोबरच घरी आलो.

तुमच्या दारातल्या कुत्र्याचा अंगठा आज संध्याकाळी एकदा बघा. नुसता बघा, लगेच कापू नका. आणि पहिलारू गाय कशी हाताळायची हे ज्याला येतं, त्याला हे येणारच. माझ्यासारखं डोक्यात यायला उशीर करू नका.

राम कृष्ण हरी.